दहा होऊ दे, मंग पाहू

आमच्या बैठकीत यंदा हिवाळ्यात पाच स्पीकर, एक सबवूफर आणि बारा क्विंटल कापूस होता. स्पीकर मी आणले, सबवूफर पुतण्याने आणायला लावला आणि कापूस बाबांनी ठेवला. घरात कोणाचं किती चालतं ते यावरून कळावं, कारण सोफा ओसरीत गेलेला होता.

धनज बुद्रुकात डिसेंबर उलटल्यावर कोणाच्याही घरी जा, बसायला खुर्ची मिळेलच असं नाही, पण टेकायला कापूस मिळतो. २०२१-२२ च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. बाबांनी तो पाहिला, पण चौकातून, रिकाम्या हाताने. आमचा कापूस त्याआधीच विकून झाला होता. तेव्हापासून दरवर्षी ते कापूस घरात भरतात, त्यावर मायचं जुनं लुगडं पांघरतात आणि कोणी विचारलं की म्हणतात, "दहा होऊ दे, मंग पाहू." २०२४-२५ साली लांब धाग्याचा सरकारी हमीभाव ७,५२१ रुपये होता. त्याने बाबांच्या मतात काही फरक पडला नाही. मार्चपर्यंत कापूस तिथंच आणि बाबाही तिथंच. फक्त आमच्या अंगाला खाज सुटते.

या खोलीत मला होम थिएटर बसवायचं होतं.

तसं होम थेटर (आमच्याकडे हाच शब्द) घरात पूर्वीही होतं. पंधरा-एक वर्षांपूर्वी कारंजाहून आणलेलं, निळे दिवे लागणारं. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं : १०,००० वॉट पीएमपीओ. आमच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर ३,७३० वॉटची. म्हणजे त्या एका खोक्यात जवळपास पावणेतीन विहिरी उपसायची ताकद. बाबांनी तो आकडा वाचून दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला, "याच्यानं डीपी त नाही उडत ना?" पुढे कधीतरी मी डबा उलटा केला तेव्हा मागच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरात विजेचा खप सापडला : ७० वॉट. सत्तर वॉट घेऊन दहा हजार वॉट परत देणारं यंत्र कोणी खरंच काढलं असतं, तर महावितरणची गरजच उरली नसती. पण पीएमपीओ हा आकडा मोजून काढत नाहीत, तो खोक्यावर किती जागा उरली ते पाहून ठरवतात असं माझं मत झालं आहे.

यावेळी म्हणून पुतण्याच्या सल्ल्याने खरा ॲम्प्लिफायर घेतला. सेकंडहँड. पुतण्या अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे आणि घरातल्या कोणत्याही वस्तूबद्दल "काका, तुम्ही चुकीचं वापरून राह्यले" एवढं वाक्य त्याला पाठ आहे. नव्या ॲम्प्लिफायरबरोबर एक छोटा माइक येतो. तो आपल्या जागेवर ठेवायचा, बटण दाबायचं, की यंत्र स्वतःच सगळे आवाज जुळवून घेतं. आमच्या ॲम्प्लिफायरचा माइक पहिल्या मालकाकडेच राहिला होता. त्यामुळे जुळवाजुळव हातानेच करायची आली, आणि हा लेख लिहायची वेळही.

टीव्हीच्या पडद्यावर ॲम्प्लिफायरने पहिलाच प्रश्न टाकला : तुमचे स्पीकर लार्ज की स्मॉल?

आता हे आमच्या गावात विचारायचं? गावाच्या नावातच बुद्रुक आहे. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, हे फारसी शब्द मराठी मुलखात दर दोन कोसांवर पाट्यांवर उभे आहेत, आणि खुर्दातला माणूस आपलं गाव सांगताना खुर्द शब्द कसा गिळतो ते ऐकण्यासारखं असतं. मी एकवार स्पीकरांकडे पाहिलं. वीतभर उंचीचे होते. तरी बुद्रुकच दाबलं.

पुतण्याने फोनवरून कपाळावर हात मारला, तो मला ऐकू आला. म्हणाला, "काका, लहान स्पीकरला लहानच म्हणायचं असते. स्मॉल म्हटलं की ऐंशी हर्ट्‌झच्या खालचा सगळा आवाज सबवूफरकडे जाते. मोठं म्हणाल त तो बिचारा वीतभर स्पीकर ढोल वाजवत बसन."

हे मला लगेच पटलं, कारण हे आपल्या जिल्ह्याचंच झालं. १ जुलै १९९८ ला वाशीम अकोल्यापासून वेगळा झाला. त्याआधी कारंजाच्या माणसाचाही मोठा कागद अकोल्याला जायचा. मग हद्द आखली गेली : इकडचं वाशीमकडे, तिकडचं अकोल्याकडे. ऐंशी हर्ट्‌झ ही तशीच हद्द. तिच्यावरचं बोलणं, गाणं, बांगड्या, पाखरं सगळं पाच स्पीकरांकडे. खालचे ढोल, स्फोट, विजा आणि खलनायकाची गाडी सबवूफरकडे. त्याला प्लग स्वतंत्र, बटणं स्वतंत्र, कलेक्टर स्वतंत्र. आणि नाव पाहा : फाइव्ह पॉइंट वन. पाच पूर्ण आणि हा एक दशांश. प्रत्येक एकत्र कुटुंबात असा एक दशांश असतो आणि घरात कोणी आलं-गेलं की पहिला आवाज त्याचाच असतो.

हद्द ठरली. आता प्रत्येकाची पातळी. पद्धत अशी की यंत्र एकेका स्पीकरमधून एक ठरावीक फुसफुस सोडतं. आधी डावा, मग मधला, मग उजवा, मग मागचे. आपण आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसायचं, कानाच्या उंचीवर मीटर (माझ्याकडे मोबाइलच) धरायचं आणि प्रत्येक फुसफुस ७५ डेसिबल येईपर्यंत वरखाली करत राहायचं. सगळे सारखे आले की झालं. ऐकायला पाच मिनिटांचं काम आहे.

डाव्या स्पीकरने फुसफुसायला सुरुवात केली आणि माय स्वयंपाकघरातून पदर नाकाला लावून बाहेर आली. तिने आधी सिलिंडर बंद केला होता, मग खिडक्या उघडल्या होत्या, आणि आता ती मला ओसरीत ओढत होती. "गॅस लीक होऊन राह्यला न तू इथं मोबाइल धरून बसला!" समजावण्यात डावा गेला. मधल्याच्या वेळी समोरची पिठाची चक्की सुरू झाली. उजव्याच्या वेळी मळणीचं यंत्र गेलं ट्रॅक्टरमागे लागून. फुसफुस थांबवल्यावरही मोबाइल साठाच्या खाली उतरेना, म्हणजे नुसतं गावच साठ होतं. ज्या शास्त्रज्ञाने ७५ चा आकडा ठरवला त्याच्या घरासमोर चक्की नसावी.

मग रात्री बसलो. गाव झोपलं, गव्हाला पाणी द्यायला गेलेले तेवढे जागे. पाचही स्पीकर ७५ वर आणले. कौतुकाने मायला दाखवलं. ती म्हणाली, "सारे सारखेच वाजून राह्यले." मी म्हणालो, "तेच करायचं होतं." ती म्हणाली, "यासाठी रात्रीचे बारा वाजवले?"

राहिला सबवूफर. सबवूफर कुठे ठेवायचा यासाठी एक मान्यताप्राप्त पद्धत आहे. ती वाचून मला वाटलं पुतण्या थट्टा करतो आहे, पण ती खरी आहे. सबवूफर उचलून आपल्या खुर्चीवर ठेवायचा, त्यातून ढोलाचं गाणं लावायचं, आणि आपण खोलीच्या भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे बास गोल, घट्ट ऐकू येईल ती सबवूफरची जागा. म्हणजे त्याने माणसासारखं खुर्चीत बसायचं आणि माणसाने सबवूफरसारखं जमिनीवर. जगभर शहाणीसुरती माणसं असं रांगतात.

मीही रांगलो. कापसाच्या ढिगाला वळसा घालून, आजोबांच्या, म्हणजे आबाजींच्या, खाटेखाली डोकं घालून. शेजारचे काका दूध द्यायला आले होते. दारात उभे राहून त्यांनी पाहिलं : जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी चारी पायांवर, खुर्चीत काळं खोकं बसलेलं आणि ते खोकं ढोल वाजवतं आहे.

"काय हरपलं, गुरुजी?"

"बास शोधून राह्यलो, काका."

ते काही वेळ शांत उभे राहिले. मग दुधाची बरणी खाली ठेवून तेही खाटेखाली वाकले. "केवढा होता?"

दोघांनी मिळून जागा ठरवली : खाटेजवळचा कोपरा. कोपऱ्यात बास वाढतो, कारण दोन भिंती आणि जमीन तिन्हीकडून त्याला मागे ढकलतात. उगाच नाही गावातले जुने लोक भांडताना कोपरा धरतात.

इथे खोलीचं गणित मधे येतं, आणि मला ते फार आवडलं, कारण त्यात बाबा सापडतात. आमची बैठक चौदा फूट लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो. चौदा फुटांच्या खोलीत चाळीस हर्ट्‌झची लाट बरोबर अर्धी मावते. अशी लाट दोन्ही भिंतींशी जोरात असते आणि खोलीच्या बरोबर मधोमध जवळजवळ शून्य. बाबांची खुर्ची बरोबर मधोमध आहे. तीस वर्षं तिथंच आहे, कारण तिथून टीव्ही, अंगण, मोटरसायकल आणि कापूस चारही दिसतात.

म्हणून स्फोट झाला की बाबा म्हणतात, "आवाज नाही येऊन राह्यला. वाढव." मी वाढवतो. भिंतीला टेकलेली वहिनी कानावर हात ठेवते. भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात मांडणीवरचे स्टीलचे ग्लास एकमेकांना खेटून किणकिणायला लागतात. बाबा म्हणतात, "अजून नाही." मी आणखी वाढवतो. बाबांना सांगून पाहिलं की तुम्ही शून्यात बसले आहात, खुर्ची दोन फूट मागे घ्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

त्यातून माझ्याकडे मीटर म्हणजे मोबाइल. मोबाइल माणसाचं बोलणं पकडायला केलेला, खालच्या ढोलाला त्याचा कान अर्धा बहिरा. सबवूफरने खोली हलवली तरी तो ६२ दाखवायचा. मी इमानदारीने तो ७५ पर्यंत नेला. चौथ्या मिनिटाला मांडणीवरून मोठा गंज निघाला, मधल्या फळीवर आपटला, परातीत पडला, आणि परात जमिनीवर फिरत राहिली. फिरणारी परात थांबायला किती वेळ घेते हे ज्याने ऐकलं असेल त्यालाच माहीत. सिनेमात त्याच वेळी कोणीतरी मेलं होतं. बाबा म्हणाले, "आत्ता आला आवाज."

एवढ्यावर निभावलं हे नशीब म्हणायचं. १९७४ साली हॉलिवूडने 'अर्थक्वेक' नावाचा भूकंपाचा सिनेमा काढला आणि तो दाखवताना थिएटरांत मुद्दाम प्रचंड मोठे बासचे स्पीकर ठेवले, प्रेक्षकांना भूकंप अंगात जाणवावा म्हणून. तिथल्या एका नावाजलेल्या थिएटरात छताचे तुकडे लोकांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून जाळी बांधावी लागली. आमच्या स्वयंपाकघरावर कवेलू आहेत. मी हा किस्सा मायला सांगितलेला नाही.

मग पातळी अखेर गंजानेच ठरवली. सबवूफरची मागची चावी बरोबर अर्ध्यावर ठेवली, पुस्तकातही तसंच सांगतात, आणि पुढचं रिमोटवर एकेक आकडा वाढवत गेलो. माय स्वयंपाकघरात मांडणीला हात लावून उभी. ग्लास किणकिणले की ती ओरडायची, "हूं!" मग दोन आकडे मागे. सांगायला आनंद वाटतो की नंतर पुतण्याने खरं मीटर आणून मोजलं तेव्हा मायचा "हूं" आणि मीटरचा आकडा यांत दीड डेसिबलचा फरक निघाला.

घरात या बासचे खरे चाहते आबाजी. वय झालं की आधी बारीक आवाज जातात. बांगडी, पाखरू, सुनेचं टोमणे मारणं, एकेक करत. जाड आवाज शेवटपर्यंत टिकतात. आबाजींना गेली सहा वर्षं टीव्हीतलं अक्षर कळत नाही. पण खाटेच्या गातीतून बास त्यांच्या पाठीत शिरतो आणि ते खूश होतात. कोणता सिनेमा ते विचारत नाहीत. सकाळी सांगतात, "काल चांगला होता. दोन ठिकाणी मजबूत होता."

रात्रीचं आणखी एक त्रांगडं आहे. आवाज एकंदर कमी केला की बास आपल्या कानातून आधी नाहीसा होतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघा शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच ते मोजून ठेवलं. त्यामुळे दहानंतर आवाज कमी करायचा आणि बास तेवढा वाढवायचा. हे लक्षात ठेवून मी झोपतो. पहाटे पाचला बाबा भजन लावतात, रात्रीच्याच बासवर. मृदंग असा काही उठतो की गोठ्यातलं वासरू दावं ताणतं.

आणि बोलणं! आजच्या सिनेमात नायक जे महत्त्वाचं ते कुजबुजतो आणि बिनमहत्त्वाचं ते फोडतो. बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. त्याला दोन-तीन डेसिबल चढवून ठेवलं की निम्मा त्रास जातो, ही या सगळ्या उद्योगातली मला सापडलेली एकमेव उपयोगाची गोष्ट. नाहीतर बाबांची जुनी पद्धत आहेच : रिमोट मुठीत, ओठ हलले की वाढव, हात उचलला की कमी कर. त्यांचा अंगठा कोणत्याही ॲम्प्लिफायरपेक्षा चपळ आहे. फक्त गाण्यात गोंधळ होतो, कारण तिथे ओठ आणि हात दोन्ही हलतात.

कायद्याचंही पाहून ठेवलं, गावात पोलीस स्टेशन आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल. पण ते मोजतात ते अ-भारित डेसिबल, म्हणजे माणसाच्या कानाच्या चालीने. त्यात ५० हर्ट्‌झच्या आवाजातून तीसच्या आसपास वजा होतात. वरातीचा डीजे छातीची पेटी वाजवतो, खिडक्यांच्या काचा बोलायला लागतात, तरी मीटरच्या हिशोबात त्यातला जाड भाग जवळजवळ उपाशीच राहतो. शेतकऱ्याला कापसाच्या मापात कटती लागते ती याच्यापुढे काहीच नाही.

एवढं सगळं करून जानेवारीत आमची बैठक जमली. खरोखर जमली. आवाज कुठे घुमत नाही, कुठे फुटत नाही, कुजबुज कुजबुजीसारखी आणि गडगडाट गडगडाटासारखा. पुतण्या घरी आला, डोळे मिटून बसला, आणि पहिल्यांदा त्याने माझी चूक काढली नाही. म्हणाला, "काका, शहरात लोक याच्यासाठी पैसे मोजून भिंतीला गाद्या लावतात." मग त्याने कापसाच्या ढिगावर हात ठेवला. "तुमच्याकडं बारा क्विंटलची गादी हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही सगळी किमया माझी, गंजाची की मायची नव्हती. कापसाची होती. चार फूट जाडीचा, मऊ, लाखो धाग्यांचा ढीग खोलीतला फाजील आवाज पिऊन टाकत होता. आणि तो ढीग जायचा होता. त्या दिवसापासून मी रोज सकाळी बाजारभाव पाहू लागलो आणि तो उतरला की मला बरं वाटू लागलं. कापसाचा भाव वाढू नये म्हणून मनातल्या मनात हात जोडणारा अख्ख्या वऱ्हाडातला शेतकऱ्याचा पोरगा मी एकटाच असेन. बाबा पेपर बाजूला ठेवून सुस्कारा टाकायचे, आणि मी त्यांच्याकडे पाहू शकायचो नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी खेडा खरेदीवाल्याची गाडी दारात लागली. भाव दहा नव्हता, पण वहिनीच्या अंगावर गांधी उठल्या होत्या आणि तिने दोन दिवस बाबांशी अबोला धरला होता. दुपारपर्यंत खोली झाडून रिकामी. मी मधोमध उभा राहून टाळी वाजवली. ती चार वेळा परत आली.

संध्याकाळी सिनेमा लावला. नायकाने दार आपटलं तर वाटलं आमचंच पडलं. मधल्या स्पीकरचं बोलणं भिंतीवर आपटून मागून येत होतं. बास नुसता भरकटला होता. आत मायने न विचारताच "हूं! हूं! हूं!" सुरू केलं. बाबा म्हणाले, "काहून फुटून राह्यला?" पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून मोजा." म्हणजे पुन्हा फुसफुस, पुन्हा सिलिंडर बंद, पुन्हा रांगणं.

रात्रभर विचार केला आणि सकाळी शेजारच्या काकांकडे गेलो. त्यांच्या घरी अजून दहा-बारा क्विंटल होता. म्हणालो, "काका, खाज सुटली असंन ना पोराइले? आमची बैठक मोकळी हाय. तुमचा कापूस ठेवा आमच्याकडं. भाडं नाही काही नाही. जून लागेपर्यंत ठेवा."

काकांनी दुधाची चरवी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"सांगतो, गुरुजी," एवढंच म्हणाले.

दुपारी शाळेतून येताना दिसलं की खेडा खरेदीची गाडी चौकात रिकामीच उभी आहे आणि ड्रायव्हर बिडी ओढतो आहे. काल ज्यांनी माप ठरवलं होतं त्या तिघांनीही दारं लावून घेतली होती. पानठेल्यावर एक जण दुसऱ्याला सांगत होता की गुरुजी फुकटात कापूस भरून राह्यले, बापाचा विकला तो नुसता डाव होता, त्याइचा पुतण्या अमरावतीले कॉम्प्युटरवर बसते, त्याले वरून समजलं.

घरी आलो तर बाबा खुर्चीत होते, खोलीच्या बरोबर मधोमध. टीव्ही बंद. रिमोट मुठीत.

"तुले माहीत होतं," ते म्हणाले, "त मले काहून नाही सांगतलं?"